एकाच पट्टीचे सहा तुकडे

कार्डिओग्रामच्या जुन्या मशीनला एक रबरी फुगा असायचा. फुगा दाबायचा, त्याच्या तोंडाची धातूची वाटी छातीवर टेकवायची आणि फुगा सोडायचा. हवा ओढून वाटी कातडीला घट्ट चिकटून बसते. काम झालं की पुसून ठेवायचा. एवढं साधं. पण आमच्या गावातल्या डॉक्टरकडचा फुगा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्या वाटीत वाळलेल्या जेलीचा थर होता आणि थरात छातीवरचे केस रुतलेले होते. काळे होते, पांढरेही होते. गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांचे असतील. पण तोच फुगा बायकांना कसा लावतात ते मला नुकतंच कळलं होतं आणि त्यापुढं केसांची किळस किरकोळ होती.

तेव्हा मी अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात होते. परीक्षा संपल्या होत्या, इंटर्नशिप चालू होती. देश खुला झाला, बाजार खुला झाला, असं पेपरात रोज यायचं. आमच्या गावापर्यंत त्या खुलेपणातलं जे काही पोचलं ते एवढंच: चौकात एसटीडीचं बूथ, त्याला लागून लॅमिनेशनचं दुकान, घराघरावर केबलच्या वायरी आणि गटारीत, शाळेच्या ओट्यावर, महादेवाच्या पायरीवर गुटख्याच्या चकचकीत पुड्या. माणसं बोलताना आधी मान वर करायची, तोंडातला मुखरस सांभाळायची आणि मग बोलायची. आणि डॉक्टरच्या दवाखान्यात आलं ते कार्डिओग्रामचं मशीन.

गाव शिरूर कासारच्या वाटेवरचं, कोरडं. दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं बायकापोरांसकट ट्रक भरून कारखान्यांकडं जायची आणि बाजार ओस पडायचा. बाजाराबरोबर डॉक्टरचा दवाखानाही ओस पडायचा. मागं उरायचो आम्ही दुकानदार. मशीन आणलं ते आमच्यासाठी. डॉक्टर संध्याकाळी दुकानांच्या पायऱ्यांवर बसून सांगायचा, "शेठ, वर्षातून एकदा पट्टी काढलेली बरी." आमची जमात नव्या गोष्टीला हपापलेली, त्यात शेजाऱ्याकडं आहे आणि आपल्याकडं नाही हे तर सोसवणारच नाही. बघता बघता लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना विचारायला लागले, "तुमी काढली का पट्टी?" आणि ज्यानं काढली नव्हती तो वरण कालवता कालवता ओशाळायचा.

आमचं किराणा-भुसाराचं दुकान. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या चुलतीनं. तिचे यजमान, मोठे अप्पा, घराचे कारभारी. त्यांच्या शब्दाबाहेर घरात कोणी जायचं नाही. आम्ही लिंगायत. मोठ्या आईच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं, छातीच्या बरोबर मध्यावर. रोज अंघोळ झाली की ती डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, बेल वाहायची आणि डोळे मिटून बसायची. तेवढा वेळ घरात कोणी तिला हाक मारत नसे, मोठे अप्पासुद्धा. लिंग अंगावेगळं करायचं नाही हा तिचा नेम. गळ्यात तरी असायचं, नाहीतर हातात.

आता थोडं पट्टीबद्दल, म्हणजे कार्डिओग्रामच्या त्या कागदाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कॉलेजातले आमचे सर तोंडाचे फार तिखट. वॉर्डात पट्टी हातात दिली की म्हणायचे, "वाच. पण घाई केलीस तर घरी पाठवीन." निदान सांगायला कोणी तोंड उघडलं की ओरडायचे. आधी पट्टीच्या सुरुवातीला मशीननं काढलेला चौकोनी उंचवटा बघायचा. तो कागदावरची दहा बारीक घरं उंच असला तर मशीन खरं बोलतंय. मग दोन उंच शेंड्यांमध्ये मोठी घरं किती ते मोजायचं, तीनशेला त्या आकड्यानं भागायचं, की मिनिटाचे ठोके आले. मग प्रत्येक ठोक्यात आधी बारीक उंचवटा आहे का, त्यामागं उंच शेंडा, त्यामागं पसरट टेकाड, हे क्रमानं बघायचं. हातापायांच्या वायरींतली एक, एव्हीआर म्हणतात ती, कायम उलटी दिसायला हवी. "ती सुलटी दिसली," सर म्हणायचे, "तर पेशंटला काही झालेलं नाही. तुम्ही गाढवपणा करून हातांच्या वायरी बदलल्यात."

आणि सगळ्यात शेवटी छातीच्या सहा जागा. तो रबरी फुगा छातीच्या हाडाच्या उजव्या कडेपासून सुरू करायचा, मग डाव्या कडेला, मग स्तनाखालून सरकवत काखेपर्यंत न्यायचा. व्ही वन ते व्ही सिक्स. पहिल्या जागी शेंडा इवलासा असतो आणि खाली खोल दरी; पुढं पुढं शेंडा वाढत जातो, दरी भरत जाते. सर म्हणायचे, "एकाच घराकडं सहा ठिकाणांहून बघताय. एका ठिकाणाहून दार दिसेल, एका ठिकाणाहून परस दिसेल. सहाही ठिकाणांहून घर सारखंच दिसलं, तर बघणारा जागचा हललेला नाही." आम्ही हसलो होतो. असं कोण करेल, असं वाटलं होतं.

त्या वर्षी शिवरात्रीला मी घरी गेले. मोठी आई मागच्या अंगणातून दोन पायऱ्या चढून स्वयंपाकघरात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बोलेना. ओठ पांढुरके झाले होते. ही बाई पूर्वी डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन माळवदावर चढायची.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. गॅस हाय." दम खाऊन ती म्हणाली. "पट्टी काढली की. नॉर्मल आली."

मी तिला खाली बसवून खोदून खोदून विचारलं. संक्रांतीच्या आधी एका दुपारी तिच्या छातीत दुखलं होतं. पाटा ठेवल्यागत, असं ती म्हणाली. घामानं लुगडं भिजलं, उलटी झाली, दोन्ही दंड भरून आले. घरातल्यांनी सोडा पाजला. मोठे अप्पा म्हणाले, "वांग्याची भाजी लई खाल्ली." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पट्टी काढली, डॉक्टरनं नॉर्मल म्हणून लिहिलं आणि गॅसच्या गोळ्या दिल्या. घरी आल्यावर तिनं संक्रांतीच्या तिळाच्या पोळ्या केल्या. घरच्यांच्या, गड्यांच्या, लेकींना पाठवायच्या. "हात चालत न्हवता बग," ती म्हणाली, "पन नॉर्मल म्हनल्यावर बसून कसं ऱ्हावं?"

असं दुखणं आम्ही वॉर्डात रोज ऐकत होतो आणि त्याला गॅस म्हणणाऱ्याला सर बाहेर काढत होते. मी पट्टी मागितली.

पट्टी मागितली तर मोठ्या अप्पांनी आधी स्वतःचीच आणली. तिची एक वेगळी तऱ्हा झाली होती. यांची पट्टी उत्तम आली म्हणून यांना ती दुकानात गादीमागं टांगायची होती. त्यासाठी लॅमिनेशनला दिली. ते लॅमिनेशनचं दुकान नवीन. गावानं रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं त्यात घालून घेतलं होतं. पण कार्डिओग्रामचा कागद उष्णतेवर चालतो, तापलेली सुई फिरली की तिथं काळं उमटतं. अख्खा कागदच तापलेल्या रुळांतून गेला तो तव्यासारखा काळा होऊन बाहेर आला. मोठे अप्पा त्या दुकानदारावर भर चौकात ओरडले होते, "काळीज जाळलंस बे माझं!" तरीही ते काळं, चकचकीत कार्ड त्यांनी जपून ठेवलं होतं. मला दाखवून म्हणाले, "आत एकदम बेस हाय. दिसत न्हाई एवढंच." तेवढ्या फजितीमुळं मोठ्या आईचं कार्ड लॅमिनेशनमधून वाचलं आणि देवघराच्या फळीवर तसंच पडून राहिलं होतं.

मी ते ओट्यावर उन्हात घेऊन बसले. त्या मशीनची पट्टी लांबच लांब फितीसारखी निघायची. कंपाउंडर तिचे तुकडे कापून जाड कार्डावर डिंकानं चिकटवायचा आणि खाली पेनानं नावं लिहायचा. सरांच्या क्रमानं गेले. चौकोन बरोबर. ठोके थोडे जास्त, पण ठीक. एव्हीआर उलटी, म्हणजे वायरी बरोबर. हातापायांच्या सहाही तुकड्यांत बोट ठेवायला जागा नव्हती. क्षणभर बरं वाटलं.

मग छातीच्या तुकड्यांवर आले. व्ही वनमध्ये बारीकसा शेंडा. व्ही टूमध्ये तोच. व्ही थ्रीमध्ये तोच. सहामध्ये तोच. शेंडा कुठंच वाढत नव्हता. आणि नीट बघितलं तर व्ही वनचा तुकडा एका ठोक्याच्या ऐन मध्यावर कापला होता. शेंड्याची चढण इकडं आणि उतरण व्ही टूच्या सुरुवातीला. व्ही टू आणि व्ही थ्रीचंही तसंच. काठाला काठ लावला की रेघ जुळत होती. ही एकच लांब पट्टी होती. एका जागी फुगा चिकटवून मशीन चालू ठेवलं होतं आणि नंतर कात्रीनं तिचे सहा तुकडे करून सहा नावं दिली होती. आणि खाली, लाल पेनानं, नॉर्मल.

मी कार्ड घेऊन तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर टेबलावर पाय टाकून बसला होता. तोंड भरलेलं. मला बघून त्यानं बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि उठून बेसिनमध्ये पचकन थुंकला. त्याच बेसिनमध्ये तो हात धूत होता, त्याचाच डाग त्याच्या बाहीवर होता. मी कार्ड पुढं ठेवलं आणि फुगा कुठं लावला होता म्हणून विचारलं.

तो जरासुद्धा गडबडला नाही. गळपट्टीच्या हाडाखाली बोट टेकवून दाखवलं. "इथं. बायकांचं आमी इथंच घेतो. वरच्यावर."

"सहाही?"

"मग खाली कसं जायचं? ब्लाऊज हाय, पदर हाय, घरातली मानसं पडद्याबाहेर उभी असतात. आन तुमच्या मोठ्या अप्पांनीच सांगितलं, वरच्यावर घ्या म्हनून. इचारा त्यान्ला." मग हसून म्हणाला, "आजवर एका घरानं तक्रार केली न्हाई, ताई. तुमी पहिल्या."

मशीन कोपऱ्यात होतं, वर त्यानं क्रोशाचं झाकण घातलं होतं. ते काढून मी फुगा हातात घेतला. केसांचा तो थर तेव्हाच पाहिला. म्हणजे गावातल्या सगळ्या बायकांच्या पट्ट्या अशाच. माझ्या मावसबहिणीची, शेजारच्या कापडवाल्यांच्या सासूची, त्या सगळ्या घरोघर देवापाशी ठेवलेल्या. सगळ्या नॉर्मल. छातीत काय चाललंय ते बघायला गेलेल्या बायकांची छाती सोडून सगळं बघितलं होतं. आणि याचे पैसे देऊन, वर "आमच्या हिचीबी काढली" म्हणून पंगतीत मिरवलं होतं. मी फुगा टेबलावर टाकला आणि निघाले. हात घरी येईपर्यंत अंगापासून लांब धरला होता.

मोठे अप्पा गादीवर होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं वरच्यावर घ्या म्हणून?"

"मग?" ते म्हणाले. "कंपाउंडर म्हनला धातू अंगावर चालत न्हाई, लिंग काढा. लिंग काढायचं? आपल्यात लिंग गेलं का मानूस गेलं."

"डबी जरा बाजूला सरकवली असती तरी चाललं असतं."

"आनी बाकीचं? ते काय त्याच्यापुढं उघडं करायचं?" त्यांचा आवाज चढला. "तू शिकली म्हनून कायबी बोलशील का? नॉर्मल लिवलंय त्यानं. डॉक्टर हाय तो. तुला कावून एवढा कळवळा? घरातल्या बाईची मर्यादा आमाला कळती."

हे ऐकून माझ्या अंगावर शिसारी आली, ती आजही येते. लिंगाचं नाव पुढं करत होते. देव काही आड आला नव्हता. देवाला यांनी पडद्यासारखं आडवं धरलं होतं. आणि हेच मोठे अप्पा स्वतःची पट्टी काढताना सदरा काढून, पोट सोडून, खिडकी उघडी ठेवून त्या टेबलावर झोपले होते आणि रस्त्यावरच्या माणसांशी गप्पा मारत होते. यांच्या छातीला हवा लागली की बेस, आणि तिच्या छातीला उपचार लागला की मर्यादा गेली. मी तसं तोंडावर बोलले. त्यांनी तराजूचं पारडं आपटलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

मोठी आई आतल्या दारात सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडत होती, सगळं ऐकत होती. जेवणं झाल्यावर ती मोठ्या अप्पांना पानाचं तबक देत म्हणाली, "अवो, शिवरात झाली. गर्दी वसरली असंल. परळीला वैजनाथाला जाऊन येऊ. लई दिस झाले."

देवाला जायला आमच्या घरात कधी नाही म्हटलं जात नसे. मोठे अप्पा लगेच बरं म्हणाले. हात धुवायला मी मागं गेले तर ती माझ्यामागं आली आणि हळूच विचारलं, "अंबाजोगाई वाटंवरच हाय न्हवं?"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. एवढ्या दिवसांत हिच्या छातीबद्दल डॉक्टरनं ठरवलं, कंपाउंडरनं ठरवलं, नवऱ्यानं ठरवलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा भांडायला गेले ती तिला न विचारताच. आणि तिचं ठरलेलं होतं.

एसटीत बसलो. मांजरसुंबा, केज, आणि सगळ्या वाटेनं पुढच्या सीटवरचा एक माणूस खिडकीतून गुटखा थुंकत होता. वाऱ्यानं त्याचे शिंतोडे आमच्या काचेवर येत होते. मोठी आई पदर नाकाला लावून बसली होती. घाटात तिला दम लागला, तिनं डबी मुठीत धरली. मोठे अप्पा डुलकी घेत होते. अंबाजोगाईच्या स्टँडवर गाडी थांबली तशी मी उठले आणि म्हणाले, "इथं उतरायचंय. आधी दवाखाना, मग वैजनाथ."

"कशाला?" ते म्हणाले.

"उतरा," मोठी आई म्हणाली. एवढंच. ती उतरलीसुद्धा. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत सगळ्यांची भाकरी, म्हणून तेही उतरले.

वॉर्डाशेजारच्या खोलीत मी तिला घेतलं, पडदा ओढला. मोठे अप्पा बाहेर बाकावर. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल, उशीर लागेल. मी वायरी सोडवत होते तोवर तिनं पाठमोरी होऊन ब्लाऊजची बटणं काढलीसुद्धा. टेबलावर निजली, गळ्यातली डबी उचलून डाव्या तळहातावर घेतली, बोटं मिटली आणि डोळे मिटले. रोज बसते तशी. मी तिच्या त्याच मनगटाला पट्टा बांधला. लिंग अंगावेगळं झालं नव्हतं. कुठलाच नेम मोडला नव्हता. एवढ्याशा गोष्टीसाठी गावात कात्री चालवली होती.

बोटानं बरगड्या मोजत मी चौथ्या फटीशी आले. छातीच्या हाडाच्या उजवीकडं जेली लावली, फुगा टेकवला.

"गार लागतंय गं," ती डोळे न उघडता म्हणाली.

"झालं हं, थोडं राहिलंय."

मी फुगा सरकवत गेले. डावी कड. मग ती कड आणि स्तनाखालची जागा यांचा मध्य. मग स्तन हातानं उचलून खाली. तिला न्हाऊमाखू घालायला लागेल एवढी ती अजून म्हातारी नव्हती, आणि तरुण असल्यापासून या छातीला आजारासाठी कोणी हात लावला नव्हता. ती शांत पडून होती. अवघडलेलं कोणी असेल तर ती मी होते.

कागद सरकत होता आणि मी सुईकडं बघत होते. व्ही वनमध्ये शेंडा नव्हता. सुई सरळ खाली गेली. व्ही टूमध्ये खाली. व्ही थ्रीमध्ये, जिथं चढण सुरू व्हायला हवी तिथं, नुसता खड्डा. व्ही फोरमध्ये एक कुबडा ठिपका. काखेशी आल्यावर कुठं शेंडा उभा राहिला. मेलेल्या स्नायूतून वीज येत नाही. समोर काही जिवंत नसलं की सुईला पलीकडचं, दूर जाणारं दिसतं आणि ती खाली जाते. हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. हातापायांच्या तुकड्यांत मात्र इथंही काही दिसत नव्हतं. जे गेलं होतं ते बरोबर त्या जागेसमोर होतं जिथं गावातला फुगा उतरलाच नव्हता.

सर आले, पडद्याबाहेरच पट्टी हातभर लांब धरून बघितली. मी गावची कार्डावरची पट्टी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी दोन तुकड्यांचे काठ नखानं जुळवून पाहिले आणि एक घाणेरडी शिवी दिली. वॉर्डात बायका होत्या, तरी दिली. मग बाहेर येऊन मोठ्या अप्पांपुढं उभे राहिले. पडदा तसाच होता. आत मोठी आई टेबलावर उठून बसली होती आणि मी तिच्या छातीवरची जेली पुसून, पडद्याच्या कडेशी येऊन थांबले होते.

सर सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. तुमच्या बाईंना संक्रांतीच्या वेळी झटका आला होता. हृदयाचा पुढचा भाग मेला आहे, तो परत येत नाही. त्या वेळी कळलं असतं तर झोपवून ठेवता आलं असतं, औषधं देता आली असती, बराचसा भाग वाचला असता. आता जे उरलं आहे त्यावर दिवस काढायचे. आजच भरती करा. पुढं पाण्याची घागर उचलायची नाही, जिना चढायचा नाही.

मोठे अप्पा टोपी हातात घेऊन ऐकत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. मनातल्या मनात मी त्यांना माफसुद्धा करायला लागले होते. त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणून सरांना विचारलं,

"डाक्टरसाहेब, ही पट्टी काढताना आत कोन होतं?"

सरांना प्रश्न कळलाच नाही. ते माझ्याकडं बघायला लागले.

पडद्याआडून मोठी आई बोलली. बटणं लावता लावता बोलत असावी, शांतपणे, दम खात. "मी होते की."

मोठ्या अप्पांनी तिकडं लक्षही दिलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "तिचं ऱ्हाऊ दे. अजून कोन होतं?"